देवावर विसंबलं की माणूस मोकळा कसा होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाळक नाही. रविवारी शब्बाथशाळेत मुलांना शिकवतो, बाकीचे दिवस कलमांच्या मागे असतो. मुलांपेक्षा अवघड प्रश्न मोठी माणसं विचारतात, तेही उपासना संपल्यावर, पायात चपला सरकवताना, म्हणजे उत्तर ऐकायला थांबावं लागू नये. दापोली तालुक्यातल्या आमच्या छोट्या मंडळीत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी बसून उत्तरं लिहून काढली. मी प्रॉटेस्टंट घरातला. विचारणाऱ्यांत मात्र कॅथलिक आहेत, हिंदू शेजारी आहेत आणि आपण काहीच मानत नाही असं सांगणारे दोघे-तिघेही आहेत. हे दोघे-तिघे सगळ्यांत जास्त वेळ थांबतात.

देवावर अवलंबून राहायचं आणि वर स्वतंत्रही व्हायचं, हे जमायचं कसं? ज्याच्यावर अवलंबून त्याचा ताबेदार, असंच जग आहे ना?

जग तसंच आहे. मुंबईच्या मनीऑर्डरवर कोकणातली घरंच्या घरं चालली आणि पाठवणाऱ्याचा शब्द घरात शेवटचा ठरला. दलालाकडून मोहोराच्या वेळी पैसे उचलले की फळ त्याच्या भावाने जातं. त्यामुळे 'अवलंबून' हा शब्द कानावर पडला की आपल्याला आधी कर्ज आठवतं. देव म्हणजे मोठा सावकार, आपण कायमचे कुळ. असं चित्र मनात असेल तर त्याच्यापासून लांब राहणंच शहाणपणाचं, आणि पुष्कळ लोक राहतातही.

येशूने वापरलेलं चित्र कर्जाचं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात तो म्हणतो, मी वेल आहे, तुम्ही फांद्या आहात. माझ्यापासून वेगळे होऊन तुम्हाला काही करता येणार नाही. द्राक्षवेल आपल्या भागात कोण लावतो? पण कलम आपल्याला कळतं. हापूसची काडी झाडावरून तोडली की ती अगदी स्वतंत्र असते. कोणाचा हुकूम तिच्यावर नाही. दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, मग बघा. तीच काडी खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या रोपावर, नीट बसली, पट्टी घट्ट राहिली, तर सालीला साल मिळते, आतून रस चढू लागतो आणि काही वर्षांनी ती फळ धरते. फळ कोणाचं? हापूसचंच. खुंटावर जगते म्हणून काडी आपला स्वभाव सोडत नाही. उलट तिच्या स्वभावात जे होतं ते बाहेर यायला तिला ते मूळ लागतं.

ही उपमा एका जागी लंगडते, आणि त्याचं मला फार कौतुक वाटतं. आपण रायवळाच्या, म्हणजे साध्या गावठी आंब्याच्या, खुंटावर चांगल्या जातीची काडी बांधतो. ख्रिस्ताचा प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 11व्या अध्यायात बरोबर उलटं सांगतो. रानटी जैतुनाची फांदी चांगल्या, लागवडीच्या झाडाच्या मुळाला जोडली गेली, असं. कुठल्याही रोपवाटिकेत असं सांगितलं तर लोक हसतील. पौलालाही ते ठाऊक असावं, कारण हे निसर्गाविरुद्ध झालं असं तो स्वतःच लिहितो. चांगुलपणा मुळात आहे, फांदीत नाही. फांदीने फक्त जोडलेलं राहायचं.

जुन्या लोकांना भेट कलम आठवत असेल. त्यात काडी आधी तोडत नाहीत. कुंडीतलं रोप उचलून हापूसच्या फांदीजवळ नेऊन बांधतात आणि सांधा जुळेपर्यंत फांदी जुन्या झाडावरच असते. काही माणसांचं देवाशी नातं असंच जुळतं. जुनं कधी सुटलं ते त्यांना नेमकं सांगता येत नाही.

मुक्ती म्हणजे नक्की कशापासून?

मराठी कानाला मुक्ती म्हटलं की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका ऐकू येते. म्हणून आपल्याकडचे जुने ख्रिस्ती लोक 'तारण' हा शब्द जास्त वापरतात. तारण म्हणजे बुडणाऱ्याला वर काढणं. किनाऱ्यावरच्या माणसाला तो लगेच समजतो, जरी सोसायटीत तोच शब्द कर्जासाठी ठेवलेल्या दागिन्यांना लावतात.

कशापासून, याची यादी मोठी आहे. पापापासून, मरणाच्या भीतीपासून, लोक काय म्हणतील यापासून. यातली शेवटची आपल्या वाड्यांत मरणाच्या भीतीहून मोठी असते, असा माझा अनुभव आहे. पण एका गुलामगिरीवर मी जास्त थांबतो, कारण ती चांगल्या माणसांना लागते. स्वतःच्या चांगुलपणाची गुलामगिरी.

लूकच्या 15व्या अध्यायातल्या उधळ्या मुलाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. धाकटा वाटणी घेऊन गेला, पैसे उडवले, डुकरं राखायची वेळ आली. थोरला मात्र घरी राहून शेत करत होता. धाकटा परत आल्यावर बापाने मेजवानी घातली तेव्हा थोरला अंगणातच अडून बसला आणि म्हणाला, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमचा शब्द कधी मोडला नाही, मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत. शब्द बघा. मुलगा बोलतोय आणि भाषा चाकराची आहे. बापाच्या घरात राहून, बापाच्या शेतात राबून तो मनाने मजुरीवरच होता. धाकट्याची गुलामगिरी डुकरांच्या वासावरून ओळखू येत होती. थोरल्याची ओळखू येत नव्हती एवढाच फरक.

आपल्यातला थोरला भाऊ असं बोलतो: मी उपवास धरला, दशांश दिला, गेल्या वर्षी एकही रविवार चुकवला नाही, मग माझ्या पोराला नोकरी का नाही? गलतीयातल्या मंडळ्यांना पौलाने रागावून लिहिलं ते याचमुळे. ख्रिस्ताने तुम्हाला स्वातंत्र्यासाठी मोकळं केलं आणि तुम्ही पुन्हा जुवाखाली मान देताय, असा त्याचा सूर आहे. नियम पाळून देवाला बांधून घ्यायचं, हेच ते जू.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथे जवळचं वाटतं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला. पुढे काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त नाही. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. शास्त्र वाचून, वाद घालून, पारखून बुद्धीने धर्म स्वीकारलेली बाई, आणि तिला वाटलं की अजून आपण आपल्याच जोरावर उभ्या आहोत. नंतर केडगावला त्यांनी उभ्या केलेल्या कामाचं नाव 'मुक्ती' आहे, हे विसरू नये.

मग आम्ही हातपाय हलवायचे की नाही?

हलवायचे. पौल तंबू बनवून पोट भरत असे आणि थेस्सलनीकातल्या रिकामटेकड्यांना त्यानेच सुनावलं आहे की ज्याला काम नको त्याने खाऊही नये.

हर्णैच्या बंदरावर हे फार समजावून सांगावं लागत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या 61 दिवसांत तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आभाळाकडे बघत बसतो का? होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, इंजिनं उघडलेली असतात आणि पडवीत जाळ्यांचे ढीग घेऊन माणसं भोकं सांधत असतात. मासा कुठल्या पाण्यात येईल ते त्यांच्या हाती नाही. आलेला मासा फाटक्या जाळ्यातून निसटू नये, हे आहे. येशूने याकोब आणि योहान यांना शिष्य व्हायला बोलावलं तेव्हा तेही जाळीच नीट करत होते. पेत्र तर रात्रभर हात हलवून, काही न मिळाल्यावर जाळी धूत होता. पुन्हा खोल पाण्यात जा म्हटल्यावर तो आधी सांगतो की रात्रभर कष्ट केले, काही मिळालं नाही, आणि मग म्हणतो, तरी तुमच्या शब्दावरून टाकतो. अनुभव त्याने फेकून दिला नाही. शेवटचा शब्द अनुभवाला दिला नाही, इतकंच.

श्रम आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण दोन्हींना कष्टच म्हणतो. दिवसा एकदा काम करायचं आणि रात्री अंथरुणावर तेच काम पुन्हा डोक्यात करायचं. ही दुसरी पाळी देवाने लावलेली नाही.

स्वातंत्र्य मिळालं म्हणजे मनाला येईल ते करायचं?

नाही. गलतीयातल्या मंडळ्यांना लिहिलेल्या त्याच पत्रात पौल सांगतो की या स्वातंत्र्याने एकमेकांची प्रेमाने सेवा करा. मार्टिन ल्यूथरने 1520 साली याच विषयावर लिहिताना दोन वाक्यं शेजारी ठेवली: ख्रिस्ती माणूस सगळ्यांहून स्वतंत्र, कोणाच्याही अधीन नाही, आणि ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक, प्रत्येकाच्या अधीन. दोन्ही वाक्यं एकदम खरी धरायची. ज्याला स्वतःची किंमत सिद्ध करायची उरली नाही, तोच दुसऱ्याचं उष्टं भांडं सहज घासू शकतो.

ही तर आपली शरणागतीच झाली. वारकरी याहून वेगळं काय सांगतात?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात कधी आनंद असतो, कधी टोमणा. मी आनंदाने घेतो.

जवळचं नातं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. कवी ना. वा. टिळक आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म 1861. 1893 साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. पूल जाळून आलो, असं ते कधी म्हणाले नाहीत. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंगच लिहिले, आणि ते आम्ही अजून टाळ घेऊन म्हणतो.

दक्षिणेतल्या वैष्णवांत एक जुना वाद आहे. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून असतं, मांजराच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. भक्ताने कोणासारखं असावं? हाच वाद ख्रिस्ती लोकांतही शेकडो वर्षं झाला, फक्त नावं वेगळी, कृपा आणि कर्म. विचारलंत तर मी मांजराच्या बाजूचा. माझी पकड किती टिकते ते मला माहीत आहे.

फरक कुठे आहे, तर ज्याच्या चरणी शरण जायचं तो देव स्वतः दुबळा होऊन आला, कोणाच्या तरी हातचं खाल्लं, विहिरीवर एका बाईकडे पाणी मागितलं आणि गेथशेमाने बागेत घाम गाळत 'माझी नको, तुझी इच्छा होवो' म्हणाला, हा ख्रिस्ती दावा आहे. अवलंबून राहणं काय असतं ते देवाने आतून अनुभवलं आहे. हा दावा पटला किंवा नाही पटला, पण तो सौम्य करून सांगू नये असं मला वाटतं. सगळे धर्म एकच म्हणतात, असं म्हणून चहा घेऊन उठणं कोणाच्याच श्रद्धेचा मान राखत नाही.

निसर्ग वादळात आमची वाडी गेली. आम्ही प्रार्थना करत होतो. मग विसंबायचं कशावर?

3 जून 2020. त्या दिवशीचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना मी काय सांगू? सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली, पत्रे उडाले, आजोबांनी लावलेले माड पोरांच्या डोळ्यांदेखत आडवे झाले. आंब्याचं झाड उन्मळून पडलं की एका वर्षाचं पीक जात नाही, एक पिढी जाते.

त्यानंतर बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने आमच्याकडे सांगितलं की ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या घरात लपवलेलं पाप असणार. मी तेव्हा गप्प बसलो, याची मला अजून लाज वाटते. उत्तर लूकच्या 13व्या अध्यायात तयार होतं. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली होती. येशूने विचारलं, ती बाकीच्या यरुशलेमकरांहून जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगितलं, नाही.

वादळ का आलं याचं उत्तर माझ्याकडे नाही. बायबलमध्येही सगळं गमावलेल्या ईयोबाला कारण सांगितलेलं नाही. त्याला देव भेटला, कारण मिळालं नाही. पण एक गोष्ट बायबल आपल्याला करू देतं, आणि ती आपल्या लोकांना चांगली येते. माझी आजी वेंगुर्ल्याकडची. ती म्हणायची, दावीद राजाची स्तोत्रं म्हणजे गाऱ्हाणीच रे बाबा. देवळात गावकार उभा राहून गाऱ्हाणं घालतो आणि लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तसंच. 150 स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारीची आहेत. 13वं स्तोत्र 'कुठवर' असं विचारत सुरू होतं. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी 'पण तरीही' वगैरे काही नाही. तेही पवित्र शास्त्रातच ठेवलेलं आहे. ज्याच्यावर विसंबायचं नाही त्याच्याकडे कोणी गाऱ्हाणं घेऊन जात नाही. देवावर रागावून त्याच्यासमोर उभं राहणं हेही विसंबणंच आहे.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात जनावर नाही अशी यादी येते आणि मग तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हे वाक्य दुसऱ्याच्या पडलेल्या वाडीत उभं राहून म्हणू नये. ज्याची वाडी पडली त्याने स्वतः म्हटलं तर टोपी काढून ऐकावं.

नवऱ्याची दारू सुटत नाही. प्रार्थनेने सुटेल का?

सुटलेले लोक मी पाहिले आहेत. प्रार्थनेसोबत काय काय झालं तेही पाहिलं आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही पिणारे, एकमेकांना भेटले त्यातून सुरू झाली. ती चर्चची संस्था नाही, देव प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे मानायचा असतो. तिची पहिली पायरी अशी की दारूपुढे माझं काही चालत नाही, हे कबूल करायचं. 'मी ठरवलं तर उद्या सोडेन' म्हणणारा माणूस बंदिवान असतो, 'माझ्याच्याने होत नाही' म्हणणारा दाराशी पोचलेला असतो. पौलाने रोमकरांच्या 7व्या अध्यायात हेच रडगाणं गायलं आहे: जे करावंसं वाटतं ते होत नाही, जे नको तेच हातून होतं, मला कोण सोडवील? 'कसा सोडवून घेऊ' असं तो विचारत नाही, 'कोण' असं विचारतो.

महाराष्ट्रात या गटांच्या सभा मराठीतून होतात, जवळची शोधा. आणि एक अगदी व्यवहाराची गोष्ट: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. उपवास-प्रार्थनेच्या भरात घरात कोंडून ठेवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

देवावर पूर्ण विश्वास असेल तर गोळ्या बंद करायला हव्यात का?

अजिबात नाही. रक्तदाब, साखर, फिट, मनाच्या आजाराच्या गोळ्या, कुठल्याच नाही. लूक स्वतः वैद्य होता आणि पौलाने त्याला 'प्रिय वैद्य' म्हटलं आहे. गोळी बंद करा असं सांगणाऱ्याला विचारा, तुमचा चष्मा का आहे? मन फार खचलं असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, तिथे फोन करणं अविश्वास नाही.

पाळकसाहेब सांगतील ते ऐकणं म्हणजे देवावर अवलंबून राहणं का?

चांगला पाळक मिळाला तर त्याचं ऐकावं. पण दोन्ही एक नाहीत. पौल करिंथकरांना लिहितो की आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता गाजवत नाही, तुमच्या आनंदात साहाय्य करतो. कोणी लग्न, नोकरी, जमिनीची विक्री, दागिने, घरच्यांशी बोलायचं की नाही, सगळं स्वतःच्या परवानगीवर आणायला लागला तर सावध व्हा. देवावर विसंबलेला माणूस हळूहळू माणसांसमोर सरळ उभा राहायला लागतो. तुमच्या मंडळीत लोक दिवसेंदिवस वाकत चालले असतील, तर ते कोणावर अवलंबून आहेत हे तपासून बघायला हवं.

टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. गोऱ्यांच्या पगारावर अवलंबून राहिलेली मंडळी मोकळी होणार नाही, ही त्यांची खंत होती. आज परदेशी पगार गेले. खंत शिळी झाली आहे असं मात्र मला वाटत नाही.

घरात मारहाण होते. मला सांगतात, सहन कर, देवावर सोपव.

ताई, देवावर सोपवणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. दमास्कसात पौलाला मारायला लोक टपले होते तेव्हा तो रात्री टोपलीत बसून तटावरून खाली उतरला आणि निसटला. त्याचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणत नाही. नासरेथात येशूला कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा तोही त्यांच्यामधून निघून गेला. त्याची वेळ आली नव्हती. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा 2005 सालापासून आहे, महिलांसाठी 181 क्रमांक आहे, तातडीला 112. टोपली धरणारी माणसं शोधा. मंडळीचं खरं काम तेच आहे.

पण हा धर्मच परका. त्यातलं स्वातंत्र्य आपलं कसं?

किनाऱ्यावर परकं काय आणि आपलं काय, हे ठरवणं जरा अवघडच. ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी इथे ख्रिस्ताचं नाव ऐकू आलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज 1579 साली गोव्यात आला आणि त्याने येशूची कथा चक्क मराठी ओव्यांत लिहिली. त्याचं क्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापलं गेलं. बाणकोटला 1823 साली स्कॉटिश मिशनरी आले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पोर्तुगीज अमलाखाली धर्म सत्तेच्या हाताने आला. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 ते 1812, मधली काही वर्षं वगळता, चाललं. जबरदस्तीने मान वाकवली की त्याला देवावर विसंबणं म्हणत नाहीत, आणि ख्रिस्ती माणसाने हे दुसऱ्याने बोलायच्या आधी बोलावं.

त्याच काळात वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानात चांगला व्यापारी झाला होता. ते सोडून तो फ्रान्सिस्कन साधूंचा साधा बंधू झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला आणखी 25 जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. 1862 साली त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. सत्ता इथेही होती, पण ती त्याला मारणाऱ्यांची होती.

हे सगळं ठीक. रोज करायचं काय?

फार थोडं. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळत असे तो रोजच्या रोज. उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा, कारण सातवा विसाव्याचा. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकरी आज मागतो, वर्षाचं कोठार भरून मागत नाही. शेतकऱ्याला हे अवघड जातं. आमच्याकडे तांदूळ वर्षाचा भरतात आणि भरावाच. साठवण्यात पाप नाही, पण कणगी बघितल्याशिवाय झोप लागत नसेल तर आपला देव कणगीत आहे.

मी सकाळी कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, त्या दिवसाची काळजी एका ओळीत लिहितो. 'तुडतुडे.' 'हप्ता.' 'आईचा गुडघा.' मग प्रभूची प्रार्थना म्हणतो आणि फवारणीला जातो. महिना उलटताना मागचं पान वाचलं की हसू येतं, कारण निम्म्या काळज्या कसल्या होत्या तेच आठवत नाही. उरलेल्या निम्म्या मात्र खऱ्या होत्या, आणि त्यातल्या काही अजून चालू आहेत.

आठवड्यातला एक दिवस काम बंद. हंगामातसुद्धा. यावरून आमच्या घरात दर एप्रिलला भांडण होतं.

शंका येतात. चालतं का?

चालतं. मार्कच्या 9व्या अध्यायातला एक बाप म्हणतो, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. त्याचा मुलगा बरा झाला.

मी ख्रिस्ती नाही. प्रार्थना केली तर?

करा. ओळखपत्र लागत नाही.

मला प्रार्थनेचे शब्द येत नाहीत. पुस्तकातली मराठी माझ्या तोंडात बसत नाही.

आजीच्या भाषेत करा. देवाला शुद्धलेखन तपासायचं नसतं. रोमकरांच्या 8व्या अध्यायात तर म्हटलं आहे की आपल्याला कशासाठी प्रार्थना करावी ते कळत नाही, तेव्हा आत्माच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मागतो.

पेत्र पाण्यावर चालायला उतरला, वारा बघून घाबरला आणि बुडू लागला. त्याची प्रार्थना नव्या करारातल्या सगळ्यांत छोट्या प्रार्थनांपैकी एक आहे. मालवणीत तिचे तीनच शब्द होतात: देवा, माका वाचय. येशूने लगेच हात पुढे करून त्याला धरलं. अल्पविश्वासी म्हणून बोलला तो त्याला, पण धरल्यानंतर.